दुभाष्याचा राजीनामा

६ सप्टेंबर

बाबा,

मेसेजला तुम्ही अंगठा पाठवता. मी लिहिलं, 'बारक्याला ताप आहे.' अंगठा. लिहिलं, 'ताप उतरला.' तोच अंगठा. फोन करावा तर तुम्ही बंदरावर क्रेनमध्ये बसलेले, आणि क्रेनमध्ये म्हणे फोन घ्यायची बंदी. म्हणून आत्याकडून कागद मागून घेतला. ती म्हणाली, "लिही. कागदावर अंगठा उठवणाऱ्याला आपल्यात वेगळं नाव आहे."

'तुम्ही' वाचून दचकू नका. मोठ्या माणसांना 'अहो' म्हणायचं असतं, हे मला इथं आल्यावर कळलं. तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. आपल्या घरात मराठी बोलणारे तुम्ही एकटे. तुम्ही मला 'तू' म्हणायचात, मीही तुम्हाला 'तू' म्हणायचे, मला वाटायचं भाषा एवढीच आहे. तुम्ही 'मी येतो, मी जातो' म्हणायचात, म्हणून मीही 'येतो' आणि 'जातो'. आईला त्यातलं काही कळायचं नाही. तुम्हाला कळायचं, पण तुम्ही हसायचात. तुम्हाला ते गोड वाटायचं.

तर तुमच्या त्या गोडाचं इथं काय झालं ते ऐका. शाळेत पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिका वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "नवीन मुलगी कोण? कार्यालयात ये जरा." मी उभी राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बरं, तू हो पुढे बाई, मी येतो मागाहून."

वर्ग बाकांवर आडवा पडला. त्या दिवसापासून शाळेत मला 'काका' म्हणतात. पोरं म्हणतात, पोरी म्हणतात, परवा शिपाईसुद्धा म्हणाला, "काका, तुमची छत्री राहिली." आता आत्या रोज संध्याकाळी मला 'येते, जाते, करते' घोकायला लावते. खाली ती लोकांच्या कवळ्या घासत असते आणि वरच्या पायरीवर बसून मी क्रियापदं घासत असते. 'अहो'चा सराव कुणावर करायचा, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "बापावर कर. तो लांब आहे, त्याला लागणार नाही."

घर ठीक आहे. खालच्या खोलीत आत्याचं काम, वर आम्ही. खिडकीच्या फळीवर जबडे वाळत ठेवलेले असतात, त्यांच्याकडे बघत दात घासायची सवय झाली आहे. आत्या म्हणते तिला हे जबडे आवडतात, कारण ते उलटून बोलत नाहीत. हे ती माझ्याकडे बघून म्हणते.

बारक्याचं मात्र विचारू नका. म्हणजे विचाराच. तो आठ वर्षांचा आहे आणि त्याला इथं येऊन चारच महिने झालेत, पण जिन्यातल्या पोरांकडून तो असलं मराठी शिकलाय की आत्याने दोनदा दार लावून घेतलं. मराठी आलं हे चांगलंच. पण आईची भाषा तो बोलतच नाही. रविवारी आईचा फोन येतो. ती विचारते, हा मराठीत उत्तर देतो. तिला काय कळणार? मग फोन माझ्याकडे. काल ती म्हणाली, "त्याला विचार, माझी आठवण येते का?" तो चप्पल घालत म्हणाला, "तिला सांग, मी खेळायला चाललोय."

मी सांगितलं, "येते म्हणाला. रोज येते."

मग काय सांगणार होते? हॉस्पिटलची रात्रपाळी करून ती आमच्यासाठी जागी राहिलेली असते.

शाळेचं एक वर्ष, असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही परत कधी येणार आणि नक्की कुठल्या घरी येणार, आईकडे की तुमच्याकडे, ते लिहा. आत्याला विचारलं की ती म्हणते, तुझ्या बापाला विचार. म्हणून विचारते आहे.

तुमची,
काका


२९ सप्टेंबर

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर बसच्या तिकिटाला कादंबरी म्हणावं लागेल. 'शाब्बास. तू खंबीर आहेस. बारक्याला सांभाळ. बाकी सविस्तर नंतर.' मी सविस्तर विचारलं होतं हो! सोबत बुटांचा जोडही मिळाला. तो मला दोन वर्षांपूर्वी झाला असता.

इथली मोठी बातमी म्हणजे शाळेत समुपदेशक बाई आल्या आहेत. ज्यांचे आई-बाप दोन वेगळ्या देशांचे आहेत अशी मुलं त्यांनी शोधून काढली. पूर्ण शाळेत आम्ही तिघं निघालो. आम्हाला एका खोलीत बसवलं आणि सांगितलं, तुमच्यावर जुळवून घेण्याचा ताण असतो, तो आपण मोजू या. मग प्रश्नांचा कागद दिला. 'मी संकटातून लवकर सावरतो.' 'मला दोन्ही संस्कृती आपल्या वाटतात.' 'माझ्या भावना मी घरी मोकळेपणाने बोलतो.' पुढे तीन चौकटी: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मधली सुट्टी संपायला आली होती आणि माझा डबा बाकी होता. मी सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली आणि पळाले.

आता म्हणे माझी 'लवचिकता' शाळेत सगळ्यांत जास्त आहे. मी विचारलं, लवचिकता म्हणजे? बाई म्हणाल्या, "वाकायचं पण मोडायचं नाही, ती ताकद." मी विचारलं, "आणि वाकायचंच नसेल तर?" त्या खूप हसल्या आणि 'विनोदबुद्धी उत्तम' असं लिहून घेतलं.

वर्गातल्या पोरांनी माझा पोपट केला होता. रोज कुणीतरी यायचं, "काका, तुमच्या आईच्या भाषेत काहीतरी बोला ना." पहिले काही दिवस बोलले. मग डोकं फिरलं. एकाला अगदी गोड हसून आईच्या भाषेत म्हटलं, 'तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत.' अर्थ विचारला तर सांगितलं, सुप्रभात. आता सकाळी पूर्ण वर्ग एकमेकांना तेच म्हणतो. काल खेळाचे सर मैदानावर तेच ओरडले, तेव्हा मी इतकी हसले की मला फेरी मारायला लावली. माझ्या बाकावरची मुलगी, जिचे केस सतत डोळ्यांत असतात, तिला मी खरा अर्थ सांगितला. तिने अजून कुणाला सांगितलेला नाही. म्हणजे मैत्रीण म्हणायला हरकत नाही.

आईला मी हे सगळं सांगते. फक्त बारक्याचं सांगत नाही. रविवारी तो तिच्याशी दोन मिनिटं बोलला, म्हणजे 'हं' आणि 'नाही' म्हणाला. फोन ठेवल्यावर मला विचारतो, "'उशी' म्हणाली का ती? का 'बोट'?" तो खरंच विसरत चाललाय की विसरल्याचं सोंग करतो, मला कळत नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हाला काही कळत असेल तर सांगा.

सविस्तर आत्ताच लिहा. नंतर नको.


२ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. यावेळी सविस्तर.

'तुम्ही दोघं तिथं छान रुळलात. आई म्हणते बारक्या आनंदात आहे. शाळेचा अहवालही उत्तम आहे, तुझ्याबद्दल तर त्यांनी भरभरून लिहिलंय. म्हणून आईने आणि मी ठरवलंय की तुझी शाळा पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, तुम्ही आत्याकडेच राहावं. आईने घर सोडलंय, ती हॉस्पिटलच्या वसतिगृहात राहील. मी इथंच आहे. तू समजूतदार आहेस.'

म्हणजे मी रडून गोंधळ घातला असता, शाळेत नापास झाले असते, चार काचा फोडल्या असत्या, तर आम्हाला परत नेलं असतंत. नीट वागले म्हणून तीन वर्षं! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, इथं संन्याशाने आपल्याच हाताने दोर वळून दिला.

आणि 'आईने घर सोडलंय' हे तुम्ही मध्येच, वसतिगृहाच्या आधी, स्वल्पविरामासारखं टाकून दिलंत. ते आपलं घर होतं. माझ्या खोलीचा रंग मी निवडला होता. तिथं आता कोण राहतं? तुम्ही दोघं वेगळे झालात ना? सरळ लिहा की. मी पंधरा वर्षांची आहे. बंदरावरच्या नोकरीसाठी नवरा वेगळा राहतो हे मी समजू शकते. पण घरच सोडतात तेव्हा त्याला नोकरी म्हणत नाहीत.

तुमचं पत्र आत्याने वाचलं. तिच्या हातात एक साचा होता, तो तडकला. म्हणाली, "तीन वर्षं राहा नाहीतर तीस, माझी ना नाही. पण मला विचारायचं की नाही? मी काय पार्सल ऑफिस आहे?" तुम्ही तिकडे उंच क्रेनमध्ये बसून आम्हा सगळ्यांना एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला आता पुस्तकात बघावं लागत नाही.

आता ऐका. आई म्हणते बारक्या आनंदात आहे. तिला हे कुणी सांगितलं? मी. तो म्हणाला, "मला नाही बोलायचं," मी सांगितलं, "त्याची परीक्षा आहे." तो म्हणाला, "ती आपल्याला टाकून बसली आहे," मी सांगितलं, "तो विचारतोय तू दमलीस का." तिने त्याच्यासाठी टोपी विणून पाठवली, ती त्याने जिन्यातल्या पोरांना चेंडू करायला दिली. मी सांगितलं, "टोपी डोक्यावरून काढतच नाही." एवढ्या महिन्यांत मी एक असा भाऊ तयार केलाय जो कुठेच नाही. आई त्याच्याशीच बोलते. आणि त्या नसलेल्या मुलाच्या भरवशावर तुम्ही दोघांनी घर मोडलंत.

मी थकलो, बाबा. थकले. राहू दे, खोडत नाही.


२२ नोव्हेंबर

बाबा,

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही तुम्हाला अंगठ्याने संपवता येणार नाहीत.

मंगळवारी आत्या दुकानाचं दार लावून वर येत होती. जिन्यात पोरं बसली होती. एकाने बारक्याला विचारलं, "तुझी आई कुठं असते रे?" तो म्हणाला, "माझी आई मेली."

मी वर दारात होते. मला वाटलं आत्या आता त्याला धपाटा घालणार. पण तिने पोरांना जायला सांगितलं आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसली. पिठासारखे पांढरे झालेले हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "जिवंत माणसाला असं मारू नये रे. परत आणताना फार त्रास होतो."

तो म्हणाला, "येत तर नाहीच आहे ती."

"तू ये म्हणालास का तिला?"

"तिला माझं कळतच नाही. ताई तिला काहीतरी दुसरंच सांगते."

ऐकलंत? त्याला सगळं कळत होतं. मी काय भाषांतर करते ते तो दर रविवारी शेजारी बसून ऐकत होता. विसरलाबिसरला काही नव्हता. त्याला वाटलं, आपण काहीही म्हटलं तरी पलीकडे गोडच पोचणार, मग बोलायचं कशाला? मी त्याला वाचवत होते, आणि तो मात्र माझ्यामुळे गप्प झाला होता. डोक्यावर घागर उपडी झाल्यासारखं वाटलं मला.

म्हणून कालच्या रविवारी मी ठरवलं की जसंच्या तसं सांगायचं.

आईने विचारलं, "तो नीट जेवतो का?" बारक्या म्हणाला, "तिला काय करायचंय?" मी आईला सांगितलं, "तो म्हणतोय, तुला काय करायचंय."

बारक्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भिंतीतून चालत आले.

आई म्हणाली, "तो असं कधीपासून बोलतो?"

"सप्टेंबरपासून."

मग ती माझ्यावर ओरडली. माझ्यावर! मी खोटं बोलले, मी तिला फसवलं, तिने माझ्यावर विश्वास ठेवून घर सोडलं. मीही ओरडले. मी म्हटलं, तुला हवं तेच मी सांगत होते, तू कधी दुसऱ्यांदा विचारलंस का? आणि फोन आपटला. आपटला म्हणजे उशीवर. एवढी अक्कल होती.

फोन पुन्हा वाजला तेव्हा आत्याने उचलला. आत्याला आईची भाषा येत नाही, आईला मराठी येत नाही. तरी दोघी बोलल्या. आत्या मराठीत, आई तिच्या भाषेत, दोघी मोठमोठ्याने, जणू आवाज वाढवला की अर्थ पोचतो. आत्या म्हणत होती, "नाही हो, पोरीचा दोष नाही. तुमचाही नाही म्हणत. पण तुम्ही या. या म्हणते मी. कळलं का? या!" तिकडून रडण्याचा आवाज आणि मग आईचं वेडंवाकडं, "या? या?" आत्या म्हणाली, "हो. या." आत्याने नंतर पदराने फोन पुसला.

आईने सुट्टी टाकली आहे. वीस डिसेंबरला ती येते आहे. मी तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे: तुम्हीही त्याच दिवशी या. आत्याचा निरोप आहे की नाही आलात तर पुढचा साचा ती तुमच्या तोंडाचा घेईल, आणि तो वाळेपर्यंत बोलता येत नाही.


८ डिसेंबर

बाबा,

'मी येण्याचा प्रयत्न करतो. पण तोवर तू आईला जरा समजावून सांग, की घर सोडायचं माझ्या एकट्याच्या मनात नव्हतं.'

नाही.

तुम्ही तिची भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलता. तिच्याशी लग्न त्याच भाषेत केलंत. तुमच्या दोघांमध्ये दुभाष्या कशाला लागतो? काय सांगायचं ते स्वतः सांगा. आईनेही परवा मला म्हटलं, "बाबांना विचार ना..." तिलाही हेच उत्तर दिलं. मी राजीनामा दिला आहे. पगार कधी नव्हताच, त्यामुळे हिशोब बाकी नाही.

एक सांगायचं राहिलं. मी समुपदेशक बाईंकडे गेले आणि म्हटलं, मला तो कागद पुन्हा भरायचा आहे. त्या म्हणाल्या, पण तुझा निकाल तर उत्तम होता. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी कागद दिला. मी सावकाश भरला. 'घरी मोकळेपणाने बोलतो'पाशी मी थांबले आणि लिहिलं, 'कोणत्या घरी ते आधी सांगा.' बाईंनी वाचलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, उठून खोलीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "पुढचा तास कुठला आहे तुझा?" मी म्हटलं, "गणित." म्हणाल्या, "बुडव. बस."

मी बसले आणि रडले. चांगलं भरपूर रडले. त्या 'शहाणी आहेस' म्हणाल्या नाहीत, तेवढ्यासाठी मी त्यांना कायमची माफी दिली. माझी लवचिकता आता बरीच घसरली आहे. तो सुधारलेला कागद त्या तुम्हाला पाठवणार आहेत. कौतुकाचं काही नाही त्यात, नीट वाचा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहिते. इथं राहायला माझी पूर्ण ना नाही. वर्गात माझी जागा धरून ठेवणारी कुणीतरी आहे. आत्याचं ओरडणंही आता ओळखीचं झालंय, कुठलं खरं आणि कुठलं सवयीचं ते कळतं. कदाचित मी स्वतःच म्हणेन, राहते. पण ठेवलेलं सामान वेगळं आणि विचारून राहिलेलं माणूस वेगळं. आम्हाला समोर बसवून विचारा. मला आणि बारक्याला वेगवेगळं विचारा. त्याच्या वतीने मी बोलणार नाही.

'प्रयत्न करतो' नको. या.


२० डिसेंबर
(दाराला चिकटवलेलं)

बाबा,

तुमची गाडी आईच्या बसच्या आधी पोचेल असं आत्या म्हणते. आम्ही तिघं आईला आणायला बसस्थानकावर गेलोय. किल्ली खालच्या फुलवाल्याकडे आहे. त्याला सांगून ठेवलंय की एक माणूस येईल, उंचीवरून आल्यासारखा बघेल, त्याला द्या.

आत गेल्यावर फळीवरच्या जबड्यांना हात लावू नका, ओले आहेत. चहा करून प्या. आम्ही आलो की मला 'खंबीर' म्हणू नका, 'मोठी झालीस'ही नको. काही सुचलं नाही तर नुसतं 'आलीस का' म्हणा. आईशी काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, कारण आत्या तुम्हा दोघांना खालच्या खोलीत बसवून बाहेरून दार ओढून घेणार आहे. ती गंमत करत नाही.

बारक्याचं सांगते, म्हणजे तुम्ही ऐन वेळी गडबडणार नाही. काल तो आपणहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, आईच्या भाषेतलं एक वाक्य नीट म्हणून दाखव." मला वाटलं त्याला 'तुझी आठवण येत होती' हवं असेल. तेच म्हणायला लागले. तो म्हणाला, "हे नको. 'मला तुझा खूप राग आलाय' कसं म्हणतात?"

सांगितलं. त्यातला एक आवाज घशातून काढावा लागतो, तो त्याचा पार गंजला होता. सकाळपासून तो आरशासमोर उभा राहून तेच म्हणतोय. दूध पिताना तेच, मोजे घालताना तेच. आत्याला अर्थ माहीत नाही, ती म्हणाली, "किती गोड बोलतो बघ आईसाठी."

आत्ता निघताना त्याने मला पुन्हा म्हणून दाखवलं. आवाज बरोबर निघाला.

"हे तिला कळेल ना?"

"कळेल."

"तू मध्ये बोलू नकोस हं."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. तो जिना उतरायलाही लागला आहे.